डबल बेल आणि दादाची चिलीम

“दोरी वढू नका! हितं बेल मारायची न्हाई!”

पदर खोचून आमची वहिनी यष्टीच्या पुढ्यात उभी. आवाज असा, की धरणापलीकडच्या म्हशींनी पान्हा चोरला. कंडक्टरनं खिडकीतून मुंडकं काढलं.

“बाई, बेल न मारता गाडी हलायची कशी? तुमी ढकलताय?”

“ढकलते! पर माझ्या माणसापुढं टण टण करू नका!”

तिचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. गांजाची पुडी आणणारा त्याचा मैतर रोज संध्याकाळच्या यष्टीतून उतरायचा. डबल बेल मारून गाडी निघाली, की स्टँडमागच्या आंब्याखाली चिलीम पेटायची. कैक वर्षांचा नेम. शेवटी वहिनीनं बजावलं, आणखी एक झुरका, की मी कायमची भूगावला, माहेरी. दादानं चिलीम फोडली, मैतराला वहिनीनं पिटाळलं. पण घंटा वाजली की दादाचे हात आपोआप चिलमीभोवती जुळल्यागत जुळायचे. तोंडाला तर असं पाणी सुटायचं, की त्यावर भाताचं एक खाचर सहज लावलं असतं. म्हणून वहिनीनं घंटाच बंद करायला काढली होती!

मी दोघांना पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “घंटा वाजू द्या. मेंदूनं घंटेची आणि गांजाची गाठ मारून ठेवलीय, ती पुसता येत नाही. पण घंटा वाजूनही काहीच मिळत नाही, असं रोज झालं, की मेंदू त्या आठवणीशेजारी दुसरी आठवण ठेवतो. घंटा वाजली तरी चिलीम नाही, अशी.”

मग काय! वहिनी रोज दादाला आंब्याखाली बसवायची, शेजारी स्वतः, हातात लाटणं. घंटा वाजायची, दादा घामाघूम, गाडी जायची. हळूहळू हात जुळायचे थांबले. दिवाळीला दादा ऐटीत म्हणाला, “सुटला गांजा! चला सासुरवाडीला.”

भूगावला उतरलो. मागं डबल बेल वाजली आणि दादाचे हात पुन्हा जुळले, तेही सासऱ्यासमोर! सासऱ्याला वाटलं, जावई नमस्कार करतोय. त्यानं तोंडभरून आशीर्वाद दिला. वहिनीला मात्र रडू फुटलं.

“आज हात जुळलं, उद्या झुरका माराल. मी हितंच ऱ्हाते.”

मोठ्या मिनतवारीनं तिला गाडीत बसवलं, ते थेट डॉक्टरपुढं.

“तुम्ही त्याला एकाच झाडाखाली शिकवलंत,” ते म्हणाले. “जुनी आठवण गावोगाव फिरते. नवी मात्र शिकली तिथंच बसून राहते. तिलाही फिरवा.”

वहिनीनं फिरवली! नांदे, महाळुंगे, भूगाव. यष्टी थांबेल तिथं दोघं दगडावर बसलेली. ना कुठं जायचं, ना कुणी यायचं. कंडक्टर लोक त्यांना बघून मुद्दाम चार-चार बेल मारायचे. त्या वर्षी मुळशीत गाड्या कमी आणि घंटाच जास्त धावल्या, असं मी आजही छातीठोक सांगतो.

उन्हाळ्यात डॉक्टरच पौडच्या स्टँडवर भेटले. गाडीनं टण टण केलं. दादाचे हात गुडघ्यावर तसेच.

“आता आठवण येत नाही ना?”

“येती की. रोज येती.”

“मग?”

“मग काय न्हाई. घरी जातो.”