सशानं शिवलेलं पान

आईचं वर्षश्राद्ध नेमकं शुक्रवारी आलं, आणि त्याच शुक्रवारची बोट मी केव्हाची ठरवून ठेवलेली. बाबांना ससे दाखवायचे होते. बहरीनच्या किनाऱ्यापासून समुद्रात थोडं आत एक चिमुकलं बेट आहे. कुणीतरी कधीकाळी तिथे सोडलेले ससे आता रानटी होऊन वाढलेत, पण माणूस दिसला की पळायचं सोडून जवळ येतात. बाबा पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले, आणि आल्यापासून माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून. म्हटलं, तेवढीच हवा बदलेल.

"बोट रद्द करते," मी म्हटलं.

"नको. बेटावर पक्षी असतील. पान तिथेच ठेवू," बाबा म्हणाले.

पान म्हणजे कावळ्याचं पान. आईच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. घाटावर आम्ही किती वेळ ताटकळलो. तिची काय इच्छा राहिली असेल याचे अंदाज नातेवाइकांनी बांधले, ज्याला जे सुचलं ते वचन त्यानं देऊन टाकलं, आणि कावळे झाडावर बसून आमची मजा बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. उरकलं एकदाचं. पण बाबांच्या मनातून ते गेलं नाही. तिचं काहीतरी राहिलंय, हे पालुपद वर्षभर चाललं होतं. काय राहिलंय ते मला माहीत होतं. बाबा आता कुठे राहणार, हे राहिलं होतं. व्हिसा संपत आलेला. पुढे माझ्याकडे, की पुण्याच्या रिकाम्या घरी? ते विचारत नव्हते आणि मीही विषय काढत नव्हते.

खरं सांगायचं तर मी दमले होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहून राहून पायांचे तुकडे पडतात. घरी यावं तर बाबा दार उघडून चहा टाकतात आणि समोर बसतात. मला तेव्हा कुणाशीही एक शब्द बोलायचा नसतो. बाबा त्रास देत नाहीत, हीच तर पंचाईत. भांडायला काही निमित्त तरी द्यावं माणसानं.

गुरुवारची ड्यूटी करून आले आणि शुक्रवारी पहाटे उठून स्वयंपाकाला लागले. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. नवरा ड्यूटीवर निघताना म्हणाला, "बाहेरून मागवलं असतं." श्राद्धाचा स्वयंपाक म्हणे बाहेरून. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे, तो गपचूप निघाला. केळीचं पान आदल्या दिवशीच केरळी दुकानातून आणून ठेवलं होतं.

बोटीवर आणखी दोन कुटुंबं होती, पोराबाळांसकट. बोटवाला म्हातारा बहरीनी, आपल्या लोकांशी बोलून बोलून हिंदी शिकलेला. त्यानं प्रत्येकाच्या हातात सशांसाठी जर्जीरची जुडी दिली. जर्जीर म्हणजे इथली तिखटसर पालेभाजी. बाबांनी आपली जुडी पोरांना देऊन टाकली. "मी खेळायला आलेलो नाही," म्हणाले.

मी बोटवाल्याला कावळ्यांचं विचारलं. "कव्वा मफी," तो म्हणाला. "सिर्फ खरगोश." मफी म्हणजे नाही. बाबांना मी ते सांगितलं नाही, पण त्यांनी ऐकलं असणार.

बेट म्हणजे काय, वाळू, काटेरी झुडपं आणि ससे. मातकट रंगाचे, लांब कानांचे, आणि भीती कशाशी खातात ते माहीत नसलेले. एक माझ्या चपलेवर पुढचे पाय ठेवून उभाच राहिला. पोरं हरखून गेली. मलाही एरवी गंमत वाटली असती. आम्ही दोघं बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. बाबांनी वाळू हातानं सारखी केली, पान मांडलं, मी वाढलं. आणि आम्ही आभाळाकडे बघत उभे राहिलो. वर दोन-चार समुद्रपक्षी होते, त्यांना आमच्या वड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ऊन चढायला लागलं.

"तू बोल काहीतरी. तुझं ऐकेल ती," बाबा म्हणाले.

मी हात जोडले. "आई, बाबांची काळजी करू नकोस. ते माझ्याकडे राहतील."

बोलले खरी, पण फोनवर पेशंटचा रिपोर्ट सांगतात तशा आवाजात. काहीच झालं नाही. माझा आवाज आईला चांगला ओळखू यायचा. तिला कळलं असणार, असं मनात आलं आणि मला तिचाही राग आला.

"जरा पाणी आण गं बोटीतून," बाबा म्हणाले.

मी पाणी घेऊन परत येते तो बाबा हात जोडून उभे, आणि मोठ्यानं बोलत होते. "मी पुण्याला परत जातो. पोरीला अडकवत नाही. माझं मी बघेन, तू निर्धास्त जा."

झुडपातून एक ससा आला तो सरळ पानापाशी. पानाची कड धरून कुरतडायलाच लागला. भात वाळूत सांडला, खीर ओघळली, त्याला पत्ता नाही.

बाबा माझ्याकडे वळले. तोंड कसं उजळलं होतं. "शिवलं बघ. कावळा नसला म्हणून काय झालं, तिनं मान्य केलं. आता तिकीट काढ माझं."

मी रडले नाही. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच इतकी लाज वाटली की परतीच्या बोटीत मी बाबांच्या शेजारी बसले नाही. पाणी बघत राहिले.

घरी आल्यावर संध्याकाळी मशीन लावायला घेतलं. बाबांच्या शर्टाचे खिसे चाचपायची मला सवय आहे, रुमाल राहतो त्यांचा. रुमालाबरोबर हाताला काहीतरी ओलसर लागलं. जर्जीरचे देठ होते, चुरगळलेले. पोरांना जुडी देताना थोडी मागे ठेवली होती त्यांनी. मला पाण्याला पिटाळलं आणि पानाच्या कडेखाली खोचली. वर्षभर जिची समजूत काढायला तळमळत होते, तिच्यासमोर हात जोडून बाबांनी लबाडी केली होती. माझ्यासाठी.

मी त्यांच्या खोलीत गेले. पलंगावर बसून ते कपड्यांच्या घड्या घालत होते, बॅग उघडी.

"उद्या व्हिसा वाढवायला टाकते तुमचा," मी म्हटलं.

"अगं, पण तिनं ऐकलं ना माझं."

"तिनं नाही. सशानं जर्जीर खाल्ली." मी देठ त्यांच्यासमोर धरले.

बाबांनी देठ माझ्या हातातून काढून घेतले. मग म्हणाले, "तू फार दमतेस गं."

"दमते." आवाज माझा अजूनही दमलेलाच होता, त्याला मी तरी काय करणार. "दमूनच यायचंय रोज. तर दार उघडायला कुणीतरी असू दे."

त्यांनी घड्या बाजूला केल्या आणि थोडे सरकले. मी शेजारी बसले.