लुईझाची तोंडी परीक्षा

१९७८ साली गास गावाजवळच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग म्हणजे सेलिनबाई, हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. बावीस वर्षं त्यांनी पहिलीच सांभाळली होती. त्यांची पोरं एका सुरात पाढे म्हणू लागली की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून ऐके. बाईंना याचा भारी तोरा होता आणि तो त्या लपवतही नसत.

या वर्गात भातातल्या खड्यासारखी एकच मुलगी होती. केळीच्या बागवाल्या बॅप्टिस्टची लुईझा. दोनदा पहिलीतच नापास झालेली. सगळ्यांबरोबर तोंड हलवायची आणि एकटीला उभं केलं की मुकी. बाईंनी समजावलं, छडी दाखवली, शेवटी तिला मागच्या रांगेत बसवून 'आळशी' असा शेरा मारला आणि मोकळ्या झाल्या.

जूनमध्ये दुसरीच्या वर्गावर इनेझ नावाची नवी, कोवळी शिक्षिका आली. तिचा भाऊ अँथनी जन्मापासून बहिरा. आठवड्याभरातच तिनं ओळखलं की लुईझाला नीट ऐकूच येत नाही. शाळा सुटल्यावर ती मुलीला व्हरांड्यात समोर बसवायची आणि ओठ दाखवत सावकाश शिकवायची.

सेलिनबाई जळू लागल्या. शिकवण्याचं त्यांना एवढं काही नव्हतं, पण लुईझा हसायला लागली होती! आपल्याकडे बघून जी दोन वर्षांत एकदा हसली नाही, ती या कालच्या पोरीसाठी रोज मोगऱ्याचा गजरा आणते? आपल्या वाट्याला एक कळी नाही! त्यात लुईझाची आई कार्मिन फाटकाशी भेटली आणि म्हणाली, "आमच्या पोरीला इनेझ टीचरनी बोलती केली हो, बाई." ते बाईंना फार लागलं. वह्या तपासायचं सोंग करून त्या रोज खिडकीतून व्हरांड्यात पाहत बसायच्या. घरी गेल्यावर घास गोड लागत नसे.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा आली. यंदाही नापास झाली तर पोरीला घरी बसवायचं, असं बॅप्टिस्टनं ठरवून टाकलं होतं. परीक्षा वर्गाच्या बाईंनीच घ्यायची. मुख्याध्यापक क्लेमेंटसर शेजारी बसले, इनेझ दाराशी उभी राहिली.

लुईझा टेबलासमोर आली. तिच्याशी कसं बोलायचं हे बाईंना आता पक्कं ठाऊक होतं, रोज पाहिलं होतं ना! त्यांनी वाचनाचं पुस्तक उचललं, तोंडासमोर धरलं आणि त्याच्याआडून विचारलं, "आठवड्याचे वार सांग."

लुईझा गप्प. सर चुळबुळले. बाईंच्या जिवाला थंडावा मिळाला. 'बघा सर, मी म्हणत नव्हते?' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात मुलगी एक पाऊल पुढे सरकली. तिनं पुस्तकाच्या कडेला बोट लावून ते हलकेच खाली केलं. बाईंनी चुकूनच तसं धरलंय, असंच तिला वाटलं असावं. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

"बाई," ती जड जिभेनं म्हणाली, "परत."

बाईंना परत विचारावं लागलं. लुईझानं सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार सांगितले, मग दोनचा पाढाही म्हटला. सरांनी मान डोलावली आणि बाईंनी 'पास' लिहिलं.

आता ही इनेझकडे धावत सुटणार, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं पाहिलं, तर लुईझा अजून तिथंच उभी होती. पुढचा प्रश्न येईल म्हणून बाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.