गंगाधरचा करदोडा

गंगाधर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला. “पहिला फोन तुम्हालाच लावायला सांगून ठेवलं होतं बाबांनी. म्हणायचे, साहेबाला एसटीनं यायला येळ लागतो.” मी ‘बरं’ म्हणालो आणि लोह्याची गाडी धरली. त्याला आता दीड महिना झाला.

एकाच बांधकाम कंपनीत आम्ही बावीस वर्षे होतो. मी सुरक्षा अधिकारी, तो माझ्या हाताखालचा पर्यवेक्षक. नियमावली मी लिहिली. नांदेडच्या आमच्या प्रत्येक इमारतीच्या फाटकावरील फलकाचा मजकूरही माझाच : ‘उंचीवर काम करताना सुरक्षा पट्टा बांधणे अनिवार्य आहे.’ वाक्य निर्दोष होते. ते कोणी वाचत नसे. मी दिसलो की पट्टे कमरेला येत, पाठ वळली की परांचीच्या बांबूंवर लोंबकळत राहत. एके दिवशी पट्ट्याविना वर चढलेल्या एका गवंड्याला गंगाधरने खालूनच हाक दिली, “ओ पाव्हणं, बिनकरदोड्याचं वर चढून राह्यले! लाज न्हाई का?” सगळी परांची हसली. कमरेला करदोड्याचा दोरा नसलेल्या पुरुषाला आमच्याकडे नागडाच समजतात. त्या गवंड्याने मान खाली घालून पट्टा बांधला... आणि त्या दिवसापासून पट्ट्याचे नाव करदोडा पडले. माझ्या दंडाने, नोटिशींनी जे साधले नाही, ते एका चावट शब्दाने साधले. मला ते सहन झाले नाही. असभ्य भाषेबद्दल मी त्याला लेखी समज दिली आणि त्याची लातूरला बदली करवली. कागद घडी करून खिशात ठेवताना तो एवढेच म्हणाला, “अक्षर लई देखणं हाय साहेब तुमचं.”

वर्षभराने लातूरला तपासणीसाठी गेलो, तर तेथेही सर्वांच्या तोंडी तोच शब्द. मी संतापाने तसाच शिडीकडे निघालो. गंगाधर सर्वांसमोर ओरडला, “साहेब, करदोडा!” मजूर तोंड फिरवून हसले. त्याने स्वतः माझ्या कमरेला पट्टा आवळला, वरपर्यंत सोबत येऊन आकडा अडकवला. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पाचव्या मजल्यावर माझ्या पायाखालची फळी निसटली... पट्ट्याने मला धरले. मला वर ओढून घेऊन त्याने आधी आकडा पुन्हा तपासला.

अहवालात मी लिहिले, ‘नियमांच्या काटेकोर पालनामुळे अपघात टळला.’ गंगाधरचे नाव लिहिले नाही. पुढे त्याच्या बढतीच्या वेळी वरिष्ठांसमोर माझी लेखी समज होती आणि हा अहवाल होता. गंगाधर पर्यवेक्षक म्हणूनच निवृत्त झाला.

लोह्यात त्याच्या अंगणात दोन्ही जिल्ह्यांतले गवंडी, मजूर दाटीने उभे होते. माझ्या वेळी यांतले किती येतील, हे मी मोजू लागलो आणि मोजणे सोडून दिले. मुलीने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद दाखवला. माझीच समज. “बाबा हसायचे. म्हणायचे, साहेबानं माझ्या शब्दाची पावती देली.”

परवा लातूरला डाळमिलच्या मागे एक नवी इमारत चढताना पाहिली. कंपनी दुसरी, माणसे अनोळखी. वरून मुकादम ओरडला, “करदोडा बांध रं आधी!” गंगाधरला त्याने कधी पाहिले नसावे. फाटकावर फलक होता. शब्दन् शब्द माझा. त्यावर कोणाचा तरी ओला रुमाल वाळत घातला होता.

मी तो काढला नाही.