न उचललेला कप

अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात अर्बाबकडे, म्हणजे आमच्या अरब मालकाकडे, वाळवंटातल्या भटक्या जमातीतला एक म्हातारा बदू आला. हरीण मारल्याबद्दल त्याच्या मुलाला अटक झाली होती. तो मुलगा अर्बाबच्या दोस्तांना वाळवंटात वाट दाखवायला गेला होता. अभयारण्य झालं तेव्हापासून बदूंची पिढीजात शिकार गुन्हा ठरली; रायफलवाल्या साहेबांची मात्र सहलच राहिली. गोळी कोणाची, याचा मला दाट संशय होता.

म्हाताऱ्याने कॉफीला हात लावला नाही. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा कप उचलत नाही, हा त्यांचा रिवाज.

“काका, कॉफी घ्या. पोलिसांशी बोलतो, इन्शाल्ला,” अर्बाब हसत म्हणाला.

“आधी बोल.”

अर्बाब मोबाइल हातात नुसताच फिरवत राहिला.

“नंबर मी लावून देऊ, अर्बाब?” मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं.