ती पाचर मी मागितली होती

फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात नळाचं वॉशर घेत उभा होतो. दुपारचे बारा वाजले असतील. स्क्रीनवर मधूचं नाव बघून नेहमीसारखाच ओरडलो, "बोला मौलेशेठ, अजून जिवंत आहात?" आमच्या बोलण्याची रीतच तशी. पलीकडून सुनंदावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे उठत नाहीयेत हो... टेबलावर डोकं टेकलंय, मला वाटलं डुलकी लागली असेल..." पुढचं काही मला ऐकू आलं नाही. वॉशर मुठीत धरून मी तसाच निघालो आणि दुकानदार मागून हाका मारत राहिला.

मधुकर मौले गेला त्याला आता दीड महिना होईल. नाशिकच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत तो गिटारवाला मधू म्हणून माहीत होता, आणि गेली काही वर्षं घराच्या पुढच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करणारा मधूभाऊ म्हणून. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा मी चटकन हो म्हणालो. अहो, पंधरा वर्षं स्टेजवर निवेदन करणारा माणूस मी! माइक हातात द्या, दोन तास पाणीसुद्धा न पिता बोलतो. पण कागद समोर घेतला आणि दातखीळ बसली. कारण मधूबद्दल लिहायचं तर एक वाक्य आधी लिहावं लागतं, आणि ते अकरा वर्षं माझ्या घशात अडकलेलं आहे. आज ते मथळ्यातच लिहून टाकलंय, म्हणजे शेवटपर्यंत येता येता मला पळून जाता येणार नाही. आता ते कसं घडलं ते सांगतो.

मधू मखमलाबादचा. वडिलांचा फुलांचा मळा, पहाटे झेंडूच्या पाट्या घेऊन बाजार गाठायचा. पोरगा मात्र आयटीआय करून फिटर झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सातपूरच्या आमच्या कारखान्यात लागला. मी तिथं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे कापायच्या विभागात, सुपरवायझर. संध्याकाळी आम्ही दोघंही ऑर्केस्ट्रात, मी बोलायला, तो वाजवायला. त्याची इलेक्ट्रिक गिटार मुंबईच्या एका बोटीवरच्या माणसाकडून घेतलेली, जुनी, एका कडेला रंग उडालेली. तिला एक दांडी होती. ती दाबली की तारा सैल पडायच्या, सूर खाली घसरायचा, सोडली की परत जागेवर. पब्लिक त्याच्यावरच शिट्ट्या मारायचं. पण त्या दांडीपायी मधू किती राबायचा ते मी बघितलंय. ज्या पट्टीवर तारा अडकवतात तो ब्रिज तिच्यात पक्का बसवलेला नसतो, नुसता दोन स्क्रूंवर टेकलेला असतो. पुढून सहा तारा ओढतात, मागच्या खोबणीतून तीन स्प्रिंगा ओढतात, आणि मधल्यामध्ये तो लटकत असतो. एक तार पिळली की बाकीच्या पाच उतरतात. म्हणून मधू पहिलीपासून सहावीपर्यंत जायचा, पुन्हा पहिलीवर यायचा, पुन्हा सहावीपर्यंत... चार-पाच फेऱ्या. तारांची उंची तो कारखान्यातल्या फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजायचा, खाचांत पेन्सिलचं शिसं घासायचा, टेकूच्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. मी म्हणायचो, "अरे, लग्न कर, एवढी काळजी बायकोची घे!" तो मान वर न करता म्हणायचा, "विन्या, तू गप बस, मला ऐकू दे."

सिन्नरला गणपतीत कार्यक्रम होता. भर गाण्यात त्याची एक तार तुटली. तार तुटली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होतो, ब्रिज मागे ओढला जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एक गेली की सगळ्याच बेसूर. गाणारी बाई सैरभैर झाली, पुढच्या रांगेतली पोरं हुर्यो करायला लागली आणि मी माइकवर काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. परत येताना टेम्पोत मधू ती तुटलेली तार बोटाभोवती गुंडाळत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं सागवानाचा एक तुकडा घेतला, कानस आणि पॉलिशपेपरनं घासत घासत बोटाएवढी पाचर केली आणि गिटारच्या मागच्या खोबणीत अशी बसवली, की ब्रिज मागे सरकायलाच नको. दांडी खाली दाबता यायची, जागेवरून वर ओढता मात्र यायची नाही. तार तुटली तरी बाकीच्या पाच जागच्या जागी. "बघ," म्हणाला, आणि मुद्दाम एक तार पक्कडीनं तोडून दाखवली. त्या पाचरीला खिळा नव्हता की डिंक, तरी नखानं ओढली तरी हलेना. काय हात बसला होता पोराचा! मी भरपूर कौतुक केलं. तेव्हाच माझ्या डोक्यात ते शिरलं असणार.

आता प्रेसचं सांगतो. पत्रा ठेवायचा, वरून डाय, म्हणजे कापायचा साचा, खाली येते, धप्पकन पीस कापून निघतो. ऑपरेटरचा हात आत राहू नये म्हणून दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे दोन्ही हात बाहेर, जीव बाहेर. मधू ह्याच प्रेसवर होता, आणि आम्हा सगळ्यांना त्याच्या बोटांची धास्ती. गिटारवाला माणूस आणि प्रेसवर, खुळा की काय! त्याची आई दार उघडायची ती आधी त्याच्या हातांकडं बघून, मग तोंडाकडं. ऑर्केस्ट्राचा मालक गंमतीत म्हणायचा, मौलेची बोटं मोजून घ्या रे. मीही हसायचो. पण शॉपमध्ये फिरताना माझं लक्ष सारखं त्याच्या मशीनकडं जायचं. संकट येणार तर त्याच्यावर, असं आम्ही सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं, आणि बाकी कुणाकडं बघायचं भानच राहिलं नव्हतं.

एका महिनाअखेरीला माल जायचा होता आणि पीस पुरे होत नव्हते. वरून सकाळ-संध्याकाळ शिव्या. मी मधूला चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "तुझ्या गिटारीला केलीस ना, तशी पाचर आपल्या डाव्या बटणाला करून दे. बटण दाबलेलंच राहील. एक हात मोकळा झाला की पुढचा पत्रा तयार." तो म्हणाला, "नाही जमणार." मी म्हटलं, "न जमायला काय झालं? तुझ्या तर डाव्या हाताचा खेळ." "जमेल रे. करणार नाही. तिथं तार तुटली तर गाणं बिघडतं, विन्या. इथं..." दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, तो परत नाही म्हणाला. मग मी जे बोललो ते अजून मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "गणपतीत, नवरात्रात तुझ्या शिफ्टा कोण बदलून देतो? यंदा नाही दिल्या तर चालेल का बघ." मैत्रीत हे बोललो मी. सोमवारी त्यानं डब्याच्या पिशवीतून चार पाचरी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. गुळगुळीत, अगदी मापात. "महिना संपला की परत दे," एवढंच म्हणाला. महिना संपला. पीस वाढले होते, मला शाबासकी मिळाली होती. मी परत दिल्या नाहीत.

देवरेअण्णा नामपूरकडचे. पन्नाशीला आलेले, कपाळाला बुक्का, गावी गेले की सगळ्या शॉपसाठी शेंगा आणणारे. तिसऱ्या महिन्यात, सकाळच्या शिफ्टच्या पहिल्या तासात, पत्रा डायमध्ये तिरका अडकला. तो सरळ करायला त्यांनी डावा हात आत घातला आणि सवयीनं उजवा बटणावर पडला. आपल्याला वाटतं किंकाळी ऐकू येईल. तसं काही झालं नाही. त्या मशीनचा धप धप आवाज थांबला, एवढंच, आणि मी मान वळवली. अण्णा उभेच होते. आपल्या हाताकडं बघून अगदी हळू आवाजात विचारत होते, "मन्हा बोटं कोठे शेतस, भो?" मधूनं त्यांना धरलं, स्वतःचा शर्ट काढून हात गुंडाळला. मी होतो तिथूनच बघत होतो. डाव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीला टेबलावर ती पाचर ठेवली होती. खोलीत साहेब, युनियनचा एक माणूस, मधू आणि शॉपचा सुपरवायझर म्हणून मी. साहेबांनी विचारलं, "ही कुणी केली?" मधू म्हणाला, "मी." "कुणाच्या सांगण्यावरून?" मला वाटलं, आता संपलं. मधूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "माझ्याच मनानं." आणि मी, दोन तास न थांबता बोलणारा मी, मूग गिळून बसलो. त्याची नोकरी गेली. मी पुढं शिफ्ट इन्चार्ज झालो. का वाचवलं त्यानं मला? माझी दोन्ही पोरं तेव्हा लहान होती, त्याचं लग्न व्हायचं होतं, असा काहीतरी हिशेब त्यानं केला असेल. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

अण्णा सिव्हिलमध्ये होते तेव्हा मधू रोज जायचा. अण्णांची बायको वॉर्डात सगळ्यांदेखत त्याला तोंडाला येईल ते बोलली. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मी एकदाच गेलो, मोसंबी घेऊन, आणि जिन्यावरूनच परत आलो. पुढं मधूनं दुरुस्तीचं काम सुरू केलं. धुळ्या-जळगावकडून पोरं गिटारी घेऊन यायची. ज्याच्या त्याच्या गिटारीत तो हवी तशी पाचर बसवून द्यायचा, पण स्वतःच्या गिटारीतली त्यानं काढून टाकली होती. मी एकदा म्हटलं, "अरे, स्टेजवर तार तुटली तर?" म्हणाला, "तुटली की कळलं पाहिजे." मला उगाच वाटलं, आता पुढचं बोलेल. प्रत्येक भेटीत वाटायचं. असं अकरा वर्षं. तो मात्र हसून वहिनींना हाक मारायचा, "अगं, विन्या आलाय, चहा टाक."

दहाव्याला रामकुंडावरून परत आल्यावर वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर तिथंच होता. एवढ्या सरळ माणसाला ती बुद्धी कशी झाली हो? लग्नाआधीच मला म्हणाले होते, माझ्या हातून एक माणूस अधू झालाय, तुला चालत असेल तर हो म्हण. त्याच्यापुढं कधी काही सांगितलं नाही." मी म्हणालो, "मला नाही माहीत, वहिनी." तो मेल्यावरही मी हेच म्हणालो.

म्हणून हा लेख छापायला देण्याआधी, मागच्या आठवड्यात, कागद घेऊन मी त्यांच्याकडं गेलो आणि इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. मधूच्या कामाच्या खोलीतच बसलो होतो. वहिनी भिंतीकडं बघत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ते किती वेळा नाही म्हणाले होते?"

"दोनदा."

"दोनदा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दर दिवाळीला इथं माझ्या हातचं जेवून जात होता."

रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. त्या म्हणाल्या, "देवरेअण्णांना सांगितलंत?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आधी नामपूरला जा. माझं काय, माझा माणूस गेला. ते अजून रोज सकाळी डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी शर्टाची बटणं लावतात. आणि हे छापा. तुमचं नाव घालून छापा, 'एक मित्र' असं नको." परवा मी नामपूरला जाऊन आलो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, उठले आणि आत निघून गेले. मी तासभर ओट्यावर बसलो. ते बाहेर आले नाहीत.

मागच्या आठवड्यात वहिनींकडून निघताना टेबलाकडं लक्ष गेलं होतं. मधूची गिटार तो गेला त्या दिवशी होती तशीच पडलेली. तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढल्या तर स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात, ही त्याची पद्धत. तीन तारा नव्या, चकचकीत होत्या, तीन जुन्या, काळवंडलेल्या. चौथी नवी तार गुंडाळीतून अर्धी सोडवून बाजूला ठेवलेली. मला वाटलं, निदान एवढं तरी पुरं करावं, इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंय. मी हात पुढं केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "तिला हात लावू नका."

मी हात मागं घेतला.

— विनायक