जुळाऱ्याने उलटा वाचलेला धागा

तुमचं काम तरी काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. म्हटलं, जंतूंच्या आरएनएची ए, सी, जी, यू ही अक्षरं जुळवतो. लांबलचक धागा असतो, तो स्वतःवरच दुमडतो आणि समोरासमोरची अक्षरं जोड्या लावतात. शेकडो जातींत अक्षरं बदलली तरी घडी तीच राहिली, तर ती घडी कामाची. "म्हणजे दिवसभर बसूनच असता," त्या म्हणाल्या. तेवीस वर्षांची नोकरी त्यांनी एका वाक्यात आटोपली.

प्रयोगशाळेत मला जुळारी म्हणतात. यंदा मला एक नवी घडी सापडली, एकशे चाळीस जातींत. मी लगेच मनात मांडे खायला सुरुवात केली. आता फक्त ती नळीत करून दाखवायची होती, आणि ते काम प्रयोगवाल्या बाईंकडे. चार महिने झाले, घडी काही बसेना. माझं चुकणं तर शक्यच नव्हतं. म्हणून मी त्यांच्या वार्षिक अहवालात शेरा मारला, 'सूचना नीट वाचत नाहीत.' त्या शेऱ्यावर त्यांची नोकरी जाणार होती. मला ठाऊक होतं, तरी मारला.

शुक्रवारी बाई मी जुळवलेल्या अक्षरांचा कागद घेऊन टेबलाशी आल्या.

"सर, जिथे जोडी जुळत नाही, तिथे दर वेळी सीसमोर नेमका ए का येतो?"

"जंतूंची लहर," मी म्हणालो. असलं मी बिनदिक्कत ठोकून देतो.

"डीएनएचे धागे दोन, आरएनए त्यातल्या एकाचीच नक्कल. आपण भलत्याच धाग्यावरून तर नाही वाचत? दुसऱ्यावर तिथे जीसमोर यू येतो. ती जोडी तर चालते."

दोन्हीकडून घडी जवळपास सारखीच दिसते, फसायला होतं. पण हे पोरासोरांना शिकवणारा मीच. अक्षरं उलटवून पाहिली. एकूण एक जोडी बसली. बायको म्हणते, तुम्ही मोजेसुद्धा उलटे घालता. इतकी वर्षं मला तो निव्वळ टोमणा वाटायचा.

तसाच साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"मग बाई राहतात," ते म्हणाले. "पण शेरा खोडता येत नाही. खाली दुरुस्ती लिहा."

मी लिहिलं, 'शेरा बरोबर आहे, माणूस चुकला आहे. बाईंच्या नावाऐवजी माझं नाव वाचावं.' आणि सही केली.

साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, शेरा देणाऱ्याची जागा वर आहे. ही शेरा मिळालेल्याची."

"हो," मी म्हणालो. "नीट वाचून केली."