शेजाऱ्यांवरून मोजलेला तारा

"आधी शेजारी पाहा बाबूजी, मंग त्याले," असं म्हणत भाऊ डावा तळहात डोळ्यांपुढे धरत आणि कॉलनीचा दिवा झाकत.

घुग्घुसच्या कोळसा खाणीत ते पंप चालवायचे, मी हजेरीबाबू. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवसपाळी संपून अंधार पडला की आम्ही क्वार्टरच्या गच्चीवर जात असू. त्यांचा तारा एकच, हंस तारकासमूहात, मानेच्या मुळाशी. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी वर पाहिलंत तर तुम्हालाही सापडेल. सूर्याहून प्रचंड मोठा, अतिशय तप्त, आयुष्य संपत आलेला. सुमारे चारशे वर्षांपूर्वी तो एकाएकी उजळला होता. अजूनही थोडा कमीजास्त होतो.

"म्हातारा भरोशाचा नाई. पुन्हा भडकला अन् मी जेवत बसलो असलो तं?"

"इतकं माह्याकडे पाह्यलं असतं तं!" वहिनी खालून म्हणत.

"तू कमीजास्त होत नाईस ना!"

शेजारच्या दोन ताऱ्यांच्या उजेडातल्या फरकाचे मनात दहा भाग करायचे आणि म्हातारा कितव्या भागावर ते वहीत लिहायचं. तीन महिने मी माझे आकडे वेगळे लिहिले. एका भागापलीकडे फरक पडला नाही.

पुढे भाऊ धुळीची तक्रार करू लागले. कोळशाचे ट्रक, सिमेंटचा कारखाना, मला पटलं. त्यांचे आकडे तर चोख होते. तिन्ही तारे सारखेच मंद दिसले तर तुलना बदलत नाही, हे मला सुचायला हवं होतं.

पाऊस उघडल्यावर एका संध्याकाळी आकाश लख्ख होतं.

"आज तं धूळच धूळ."

"धूळ नाही, भाऊ."

त्यांनी डोळ्यांपुढचा तळहात खाली घेतला. मग म्हणाले, "शेजारी दिसून राह्यले तुम्हाले?"

"तिघेही दिसतात."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. पंपाचा काटा वाचता येईना, नोकरी सुटली. गडचिरोलीकडच्या गावी निघण्याआधी ते एकदा गच्चीवर आले.

"मी आकडा सांगतो," मी म्हणालो. "वहीत खंड नको."

"तुमचा आकडा माह्या वहीत काऊन? मले दिसलं तेच त्याच्यात."

त्यांनी स्वतःच लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली. 'आकाश साफ. तारा दिसला नाई.' अक्षरं वरच्या ओळीवर चढली आहेत. तिथला आकडा आता वाचता येत नाही.